‘घरी न्या’ म्हटल्यावर : मोटर न्यूरॉन डिसीज झालेल्या माणसाची काळजी

प्रश्न तासगाव तालुक्यातून आलाय. वडिलांचं वय ६१, घरात सगळे आण्णा म्हणतात. अडीच एकर द्राक्षबाग. मागच्या ऑक्टोबर छाटणीत उजव्या हातातून कात्री निसटायला लागली, उन्हाळ्यात जीभ जड झाली, आता चहा पिताना ठसका लागतो. मिरजेत एमआरआय झाला, ईएमजी म्हणजे नसा-स्नायूंची तपासणी झाली, मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजे एमएनडी असं निदान झालं. पुढे एका ठिकाणी ‘यावर औषध नाही, घरी न्या, सेवा करा’ म्हणून फाइल हातात परत दिली. मुलगा विचारतोय : खरंच काही करता येत नाही का? पोटात नळी घालावी का? श्वासाचं मशीन एकदा लावलं की कायमचं लागतं का? मॉर्फिनने माणूस लवकर जातो का? आणि आण्णांना हे सांगायचं का?

मी या भागात बावीस वर्षं पॅलिएटिव्ह केअर करतोय. म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात माणसाचा त्रास कमी करायचं काम. सरकारी कागदावर तिला उपशामक सेवा म्हणतात. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक कॅन्सरचे असतात, एमएनडीचे थोडे. पण रात्री दोनला वाजणारे फोन मोजले तर या थोड्यांचेच जास्त निघतील. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

निदानावर फार वेळ घालवत नाही. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी झिजत जातात, स्नायू सुकतात, कातडीखाली फडफडतात, ताठरतात. फ्रान्समधल्या शार्को यांनी १८६९ मध्ये याचं वर्णन केलं. दुसरं मत एकदा जरूर घ्या, कारण मानेत दबलेली मज्जारज्जू किंवा मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीसारखे काही आजार असेच दिसतात आणि त्यांना उपचार आहेत. एकदा म्हणजे एकदाच. पाचव्या मताला मुंबईला नेलेला पेशंट मी दमून, चार किलो वजन घालवून परत आलेला पाहिलाय. ‘आम्हाला पण होईल का’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. शंभरातल्या ९० ते ९५ जणांच्या घराण्यात दुसऱ्या कोणालाही हा आजार नसतो.

एक औषध आहे, रिल्युझोल. ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाआधी तासभर. त्याने आजार थांबत नाही. मूळ चाचण्यांत आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढलेलं दिसलं. परवडत असेल तर घ्या, आणि सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला लिव्हरची रक्ततपासणी करा. गोळी कुटून दिली तर तोंड बधिर होतं आणि ठसका वाढतो, ते ध्यानात ठेवा. स्टेम सेलच्या इंजेक्शनांच्या जाहिराती मोबाइलवर येतील. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात ती मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर देताच येत नाहीत. बागेवर कर्ज काढून ते करू नका. हा पैसा पुढे मशीनला आणि रात्री बसणाऱ्या माणसाला लागणार आहे.

पहिल्या लक्षणापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात, दहातला एखादा दहा वर्षांच्या पुढे जातो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं नाव प्रत्येक घरात निघतं. १९६३ मध्ये २१व्या वर्षी निदान आणि २०१८ पर्यंत आयुष्य. ते खरं आहे, पण त्यावर हिशेब मांडू नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बागायतदार आहात. दावण्या, म्हणजे द्राक्षावरची बुरशी, पानावर दिसल्यावर फवारणारा आणि ढग आल्याबरोबर पंप पाठीला लावणारा, यांच्यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. एमएनडी बहुतेक वेळा ढग दाखवून येतो. घसा जाणार, श्वास कमी पडणार, हे महिनोन्‌महिने आधी कळतं. तरी आम्ही डॉक्टर आणि तुम्ही घरचे मिळून प्रत्येक निर्णय इतका लांबवतो की तो शेवटी अँब्युलन्समध्ये घ्यावा लागतो. ज्याला पेशंटचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या हातून. या आजारातले जे हाल मी पाहिले त्यातले निम्मे तरी या उशिराचे होते.

श्वासापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही पत्रात श्वासाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, फक्त मशीनबद्दल विचारलंय. श्वास कमी पडायला लागतो तेव्हा माणूस धापा टाकत नाही. छातीखालचा पडदा आधी रात्री हरतो. आण्णांना विचारा : उशा किती लागतात? उताणं झोपता येतं का? पहाटे डोकं दुखत उठता का? झोप मोडते का, घाबरवणारी स्वप्नं पडतात का? आणि आईंना विचारा, दुपारी पेपर वाचता वाचता मान पडते का. यातलं दोन-तीन गोष्टींना ‘हो’ असेल तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसलं तरी समाधान मानू नका. तो आकडा या आजारात फार उशिरा पडतो. दर दोन-तीन महिन्यांनी फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. ओठ मिटत नसतील तर नळीऐवजी मास्क लावून करायला सांगा, नाहीतर आकडा उगाच कमी येतो.

इथे एक धोक्याची सूचना, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. नुसता ऑक्सिजन लावणं एमएनडीत घातक ठरू शकतं. कमी असते ती हवा आत-बाहेर करण्याची ताकद. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. त्यावर नाकाला जोरात ऑक्सिजन सोडला की आकडा छान दिसतो आणि माणूस हळूहळू गुंगीत जातो. माझ्या एका पेशंटला घाबरल्यासारखं झालं म्हणून रात्री एका दवाखान्यात नेलं. तिथे मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला. सकाळी मुलगी मला फोनवर म्हणाली, ‘किती महिन्यांनी शांत झोपलेत बघा.’ ती झोप नव्हती. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या : एमएनडीचा पेशंट, मशीनशिवाय नुसता ऑक्सिजन देऊ नये, दिलाच तर ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या पुढे नेऊ नये, रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासावा. खाली तुमच्या न्यूरॉलॉजिस्टची सही आणि फोन.

लागतं ते बायपॅप, मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. दुकानदार सीपॅप दाखवेल, स्वस्त आहे म्हणेल. ते घोरणाऱ्यांसाठी आहे, घेऊ नका. बायपॅपमध्येही पेशंट श्वास घ्यायचा राहिला तर आपणहून देणारं हवं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांचा २००६ मधला अभ्यास आहे. ज्यांचा घसा बऱ्यापैकी शाबूत होता त्यांचं आयुष्य या मशीनने साधारण सात महिन्यांनी वाढलं, म्हणजे रिल्युझोलपेक्षा कितीतरी जास्त. ज्यांचा घसा फार गेला होता त्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण झोप आणि श्वासाचा त्रास सुधारला. आण्णांचा घसा चाललाय, म्हणून इथे वाट बघण्यात अर्थ नाही. आधी महिनाभर भाड्याने घ्या. पहिल्या दिवशी रात्रभर लावून बसू नका. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास, मग दुपारच्या झोपेला, मग रात्री. नाकाच्या हाडावर मास्क घासून जखम होते, तिथे पहिल्या दिवसापासून पट्टी लावा.

‘एकदा लावलं की कायमचं लागतं’ यात निम्मं खरं आहे. मशीनची सवय लागत नाही. आजार पुढे सरकतो आणि तास वाढतात, आधी रात्र, मग दुपार, मग जवळजवळ दिवसभर. पण सुरू केलं म्हणून थांबवायचा हक्क जात नाही. शुद्धीवर असलेला माणूस ‘आता मशीन पुरे’ म्हणू शकतो. अट एवढीच की ते काढण्याआधी डॉक्टरने शेजारी बसून औषधं दिलेली हवीत, म्हणजे गुदमरल्याची जाणीव होत नाही. चिडून किंवा दमून घरच्या घरी मास्क ओढून काढणं, हे होऊ देऊ नका.

गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, हा वेगळा रस्ता आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक घरांना तो झेपत नाही. चोवीस तास शिकलेला माणूस जवळ हवा, दिवसातून कितीतरी वेळा सक्शन म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, आणि आतला आजार चालूच. तीन घरांनी तो निभावलेला मी पाहिलाय. एका घरात चार भाऊ होते आणि चौघांनी पाळ्या लावल्या होत्या. पण हे ठरवायचं आण्णांनी, आणि बोलता येतंय तोवर. कारण न ठरवता राहिलं तर कफ अडकल्याच्या रात्री आयसीयूतला डॉक्टर विचारतो, ‘ट्यूब टाकू का?’ तेव्हा कोणता मुलगा नाही म्हणेल? टाकलेली ट्यूब मग निघत नाही, आणि पंधरा दिवसांनी तेच घर मला विचारतं की हे आण्णांना हवं होतं का.

पोटातल्या नळीचंही तसंच, फक्त इथे मुदत असते. पेग नळी दुर्बिणीतून घालतात. वीस-तीस मिनिटांचं काम, पोट कापावं लागत नाही. पण थोडी गुंगी द्यावी लागते आणि फुप्फुसाची ताकद निम्म्याच्या खाली गेली की त्या गुंगीचाच धोका वाढतो. म्हणून गिळता येत असतानाच घालायची. लोकांना हे उलटं वाटतं. ‘अजून खातोय की, कशाला नळी?’ मी स्वतः एकदा पेशंटच्या या म्हणण्याला मान देऊन दोन महिने थांबलो. दोन महिन्यांनी भूलतज्ज्ञ म्हणाले, आता जमणार नाही. त्या बाई शेवटपर्यंत नाकातल्या नळीवर राहिल्या, ती टोचायची, तिच्याने घशात चिकटा वाढायचा, त्या हाताने काढू बघायच्या. ती चूक माझी होती. त्यानंतर मी वजन बघतो. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, किंवा एक जेवण उरकायला पाऊण तास लागायला लागला, की विषय काढायचा. आण्णांचं वजन दर पंधरा दिवसांनी करा. उभं राहता येत नसेल तर मार्केट यार्डातला काटा कोणाच्या ओळखीने मिळतोच, खुर्चीसकट करा आणि खुर्ची वजा करा.

नळी घातली म्हणजे तोंड बंद झालं असं नाही. पोट नळीने भरायचं, जिभेला चव तोंडाने द्यायची. पूर्ण दिवसाचं अन्न-पाणी-औषध नळीतून गेलं की चमचाभर श्रीखंड खायला कोणाला घाई नसते. नळीतून घरचंच अन्न चालतं : मुगाचं वरण, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, दूध, उकडलेलं अंडं, वरून चमचाभर तेल, सगळं मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळून. एका वेळी पाव लिटरच्या आत, सावकाश, मान-पाठ उंच करून, आणि नंतर तासभर तसंच बसवून. प्रत्येक वेळी शेवटी कपभर साध्या पाण्याचा तिसरा हिस्सा सोडायचा, नाहीतर नळी तुंबते.

तोवर तोंडाने काय द्यायचं? तुम्ही लिहिलंय ‘हलकं म्हणून पातळ देतो’. तिथेच ठसका आहे. पातळ पाणी, चहा, ताकाचं पाणी हे दुबळ्या घशाला सगळ्यात अवघड, कारण ते पळतं. दाट करा. चहाऐवजी लापशीइतकं दाट दूध, पाण्यात औषधाच्या दुकानात मिळणारी दाट करायची पावडर. वरण-भात घोटून, तूप सढळ. या आजारात कोलेस्टेरॉलची चिंता सोडा, वजन टिकवणं महत्त्वाचं. दोन गोष्टी घरातून पूर्ण बाजूला : भडंग आणि पेढा. सांगलीत राहून भडंग नाही म्हणणं अवघड, पण सुटे कोरडे दाणे श्वासनळीत जातात आणि सातारचा कंदी पेढा टाळूला चिकटून बसतो. भाकरी हवीच असेल तर दुधात कुस्करून, पूर्ण विरघळवून. गिळताना हनुवटी छातीकडे, वर बघून नाही. जेवताना टीव्ही बंद. आणि जेवताना आण्णांना काही विचारू नका. उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि घास चुकीच्या वाटेने जातो.

लाळेबद्दल तुम्ही लाजत लिहिलंय. लाळ जास्त होत नाही, गिळली जात नाही एवढंच. रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा, किंवा ग्लायकोपायरोलेट, यांनी ती आटते. काही वेळा डोळ्यात घालायचे ॲट्रोपिनचे थेंब जिभेखाली देतात, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय नाही. फार आटवली तर गोंदासारखा चिकटा होतो आणि तो लाळेपेक्षा वाईट. मग पाणी वाढवायचं, सलाइनची वाफ द्यायची. छोटं सक्शन मशीन घरात असावं. आणि खांद्याला रुमाल लावायचा तो आण्णांच्या शर्टाच्या रंगाचा. लहान मुलाचं लाळेरं बांधू नका. त्यांना सगळं कळतं.

हे कळणं मुद्दाम सांगतो. या आजारात स्पर्श, नजर, ऐकणं शाबूत असतं. लघवी-संडासची जाणीव राहते, बहुतेकांचे डोळेही शेवटपर्यंत फिरतात. निम्म्या जणांत विचारात-वागण्यात थोडा फरक पडतो, १० ते १५ टक्क्यांत तो मोठा असतो, म्हणून हट्टीपणा अचानक वाढला तर तो स्वभाव समजू नका, डॉक्टरांना सांगा. पण बाकी माणूस आतून पूर्ण जागा असतो. नाकावर बसलेला डास त्यांना कळतो आणि हाकलता येत नाही. मच्छरदाणी हे मी एमएनडीच्या प्रिस्क्रिप्शनवर लिहितो, औषधाच्या दुकानदाराला वाटतं मी चेष्टा करतोय.

कारण नसताना रडू फुटणं किंवा हसू फुटणं हाही आजाराचाच भाग. कोणी भेटायला आलं की आण्णा हुंदके देतात म्हणून तुम्ही माणसं आणणं बंद केलंय. उलट करा. ‘हे आजाराचं आहे, मनाला लावून घेऊ नका’ असं पाहुण्यांना दारातच सांगा. औषधाने हेही कमी होतं. फक्त सर्दी-खोकल्याचा पाहुणा अंगणातूनच परत पाठवा, तो केवढा का मानाचा असेना.

बोलण्याचं बघू. बेदाण्याच्या सौद्यात ज्यांचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये ऐकू जायचा, ते आता ‘पाणी’ म्हणतात ते तुम्हाला ‘हाई’ ऐकू येतं, असं तुम्ही लिहिलंय. अजून ऐकू येतंय तेवढ्यात मोबाइलवर त्यांचा आवाज भरून ठेवा. नातवाचं नाव घेऊन हाक, आईंना हाक, ‘इकडं ये’, ‘बास झालं’, ‘शाब्बास’. पुढे बटण दाबलं की तो आवाज निघेल अशी सोय साध्या फोनमध्ये होते.

आवाज गेल्यावर तक्ता. महागडी डोळ्यांनी चालणारी यंत्रं आहेत, पण आपली बाराखडीच कामाला येते. इंग्रजी तक्त्यापेक्षा ती सोयीची, कारण आपली अक्षरं आधीच ओळीत लावलेली आहेत. पुठ्ठ्यावर ओळी करा : पहिली स्वरांची, दुसरी क ख ग घ, तिसरी च छ ज झ, चौथी ट ठ ड ढ ण, पाचवी त थ द ध न, सहावी प फ ब भ म, सातवी य र ल व, आठवी श स ह ळ. तुम्ही ‘एक, दोन, तीन’ म्हणत जायचं, हवी ती ओळ आली की आण्णा डोळे मिटतील. मग त्या ओळीतलं अक्षर तसंच. काना-मात्रा मागू नका, वेळ जातो. ‘प-ण’ आलं की पाणी हे घरच्यांना कळतं. पहिल्या आठवड्यात भांडणं होतील, तक्ता फेकून द्यावासा वाटेल. एका घरात पंधराव्या दिवशी तक्त्यावरून पहिलं वाक्य निघालं ते ‘म-ट-र ब-द क-र’. शेतातली मोटर दोन तास चालू राहिली होती आणि आवाज फक्त त्यांनाच ऐकू येत होता.

दुसऱ्या पुठ्ठ्यावर रोजच्या गरजा : कूस बदला, मान, खाज, लाळ, मशीन, पाय सरळ, पंखा, आईला बोलवा. आणि रात्रीसाठी वायरलेस डोअरबेल घ्या, काही शे रुपयांत मिळते. बटण जिथे अजून ताकद आहे तिथे बांधा, पायाच्या अंगठ्याखाली चालेल.

बाकीच्या बारीक गोष्टी पटापट. उचलताना दंडाला धरून ओढू नका, खांदा निसटतो आणि मग दिवसरात्र दुखतो. पाय ओढत चालत असतील तर उंबऱ्याला पिवळी पट्टी मारा किंवा उंबराच काढा. संडास भारतीय बैठकीचा असेल तर कमोडची खुर्ची आजच आणा, पडल्यावर नाही. पेटके आणि ताठरपणा यांना औषधं आहेत, सहन करायची गरज नाही. सांधे रोज कोणीतरी हळू हलवून द्यायचे. ताकद येईल म्हणून दमवणारा व्यायाम नको.

आता वीज. मशीनवर माणूस असलेल्या घरात हा उपचाराचाच भाग आहे. इन्व्हर्टरवर बायपॅप किती तास चालतं ते दिवसा, सगळे घरात असताना, एकदा मोजून बघा. मशीनचं ह्युमिडिफायर म्हणजे पाणी तापवायचा भाग सगळ्यात जास्त बॅटरी खातो. वीज गेली की तो बंद करा, मशीन बराच जास्त वेळ चालेल. हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग घरात ठेवा आणि दोघांनी ती वापरायला शिका. नदीकाठच्या घरांना माझं आणखी एक सांगणं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात बायपॅपवरचा एक पेशंट आम्ही सांगलीच्या गावभागातून पाणी दारात यायच्या आधी दोन दिवस हलवला. ‘बघू अजून’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना होडीतून काढलं. तुम्ही तासगावकडे उंचावर आहात, पण तुमची बहीण नदीकाठी हरिपूरला आहे आणि आण्णांना पावसाळ्यात तिकडे ठेवायचा विचार आहे असं लिहिलंय. जून ते सप्टेंबर नको.

आण्णांना सांगायचं का? तुम्ही, आई, चुलते, सगळ्यांनी मिळून न सांगायचं ठरवलंय. रागावू नका, पण आण्णांना माहीत आहे. हातातली कात्री गेली, आवाज गेला, डॉक्टर नजर चुकवतात, यावरून ६१ वर्षांच्या माणसाला कळतं. माहीत नसल्याचं नाटक ते तुमच्यासाठी करतायत. सगळं एका दमात ओतायचं नसतं. एवढंच विचारा : ‘आण्णा, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय? किती ऐकायचंय?’ आणि गप्प बसा. बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. विट्याकडचे एक गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, व्यवसायातले गृहस्थ मला म्हणाले होते, ‘मरायचं कळलंय वो डॉक्टर. गुदमरून जानार का, तेवडं सांगा.’

त्याचं उत्तर मी त्यांना दिलं तेच तुम्हाला देतो. जर्मनी आणि इंग्लंडमधल्या १७१ एमएनडी पेशंटच्या शेवटच्या दिवसांचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. बहुतेक जण शांतपणे गेले, ठसका लागून गुदमरून कोणीही गेलं नाही. पुष्कळदा कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, झोप खोल होत जाते आणि माणूस झोपेतच जातो. ज्यांची काळजी आधीपासून घेतली जातेय त्यांचं असं होतं. ती घ्यायला मॉर्फिन लागतं.

मॉर्फिनची भीती मी पेशंटपेक्षा डॉक्टरांत जास्त पाहिलीय. धाप लागल्याची भावना कमी करणारं यासारखं दुसरं औषध नाही. सुरुवात अगदी थोड्याने करतात, १० मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा, दर चार तासांनी, आणि बघत बघत वाढवतात. अशा मात्रेने माणूस लवकर जात नाही. सोबत पोट साफ राहायचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून. अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, त्या अफूपासून मॉर्फिन नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तयार होतं, तरी ते गरजूपर्यंत पोचत नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं झालंय. तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर ठेवणारा दवाखाना कोणता ते त्यांनाच विचारा. घरात एक डबी तयार ठेवा : मॉर्फिन, घाबरल्यावर जिभेखाली ठेवायची लोराझेपामची गोळी, चिकटा आटवायचं औषध, आणि कागदावर कोणतं केव्हा किती, डॉक्टरच्या अक्षरात. डबी कुलपात, किल्ली आईंकडे. ती उघडावी लागतेच असं नाही. पण ती आहे म्हटल्यावर घर रात्री झोपतं.

कागदपत्रांचं दोन ओळींत उरकतो. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डासाठी हात-पाय अजून हलताहेत तोवर अर्ज करा, नंतर माणसाला बोर्डापुढे नेणं अवघड होतं. बँक, सातबारा, सह्या, अंगठे यांचंही तेच. उपचाराबद्दलच्या इच्छेचा कागद, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, त्याला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. ट्यूब, व्हेंटिलेटर, छाती दाबणं यातलं काय हवं, काय नको, हे त्यात यावं, आणि आण्णांच्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव.

आईंबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय : ‘आई सगळं बघते.’ रात्री चार-पाच वेळा कूस बदलायला उठणारी ५६ वर्षांची बाई किती महिने सगळं बघेल? आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही घ्या, एक धाकट्याने घ्यावी, जमलं तर रात्रीसाठी पेशंटची सेवा करणाऱ्या मावशी किंवा मामा पगारावर ठेवा. सूनबाईंनी आंघोळ घालणं आण्णांना अवघड वाटत असेल तर त्यांना विचारूनच ठरवा. आईंचं बीपी शेवटचं कधी तपासलं, हे मला पुढच्या वेळी सांगा.

पुढच्या महिन्यात न्यूरॉलॉजिस्टकडे जाल तेव्हा चार गोष्टी मागा : स्पायरोमेट्री, पेगबद्दल पोटविकारतज्ज्ञाचं मत, बायपॅपची चाचणी, आणि फाइलच्या पहिल्या पानावरची ती ऑक्सिजनची सूचना. जाताना वजनाचा कागद घ्या आणि आण्णांना पुढच्या सीटवर पाठ उंच करून बसवून न्या. मागच्या सीटवर आडवं झोपवून नेऊ नका.